रॉबर्ट ह्यूबनर विश्वविजेते का झाले नाहीत? एक सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: जर्मनीचे ग्रँडमास्टर रॉबर्ट ह्यूबनर १९८१ साली जागतिक क्रमवारीत तिसऱ्या स्थानावर होते, तरी विश्वविजेतेपदाच्या लढतीपर्यंत ते एकदाही का पोहोचले नाहीत? आणि ज्या खेळाडूने आव्हानवीरांच्या सामन्यांतून (म्हणजे विश्वविजेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणाऱ्या सामन्यांतून) तीनदा अर्ध्यावर माघार घेतली, असे सांगितले जाते, त्याचे डाव स्पर्धात्मक बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांपुढे ठेवावेत का?

दुसऱ्या भागातील गृहीतकापासून सुरुवात करणे भाग आहे, कारण ते चुकीचे आहे. ह्यूबनर यांनी आव्हानवीरांचा सामना अर्ध्यावर सोडला तो दोनदा, १९७१ मध्ये सेव्हिल येथे आणि १९८०-८१ च्या हिवाळ्यात मेरानो येथे. तिसरा प्रसंग म्हणून ज्याचा उल्लेख होतो, त्या १९८३ च्या फेल्डेन येथील सामन्यात त्यांनी नियमाप्रमाणे खेळायचे सगळे डाव खेळले आणि तरीही ते बाहेर पडले. त्यांना तिथे प्रतिस्पर्ध्याने हरवले नाही, रुलेटच्या चक्राने हरवले. हे तीन प्रसंग एकाच माळेत ओवले, की भित्र्या खेळाडूचे चित्र तयार होते. ते सुटे करून पाहिले, की प्रत्येकामागे वेगळे कारण दिसते. बुद्धिबळ शिकवताना ह्यूबनर यांचे डाव मी अनेक वर्षे वापरत आलो आहे, आणि माझे मत असे आहे की पटावरील कोणतीही गोष्ट तपासल्याशिवाय न स्वीकारण्याची जी वृत्ती त्यांना आपल्या काळातील सर्वांत कसोशीचा विश्लेषक बनवते, तीच वृत्ती त्यांना सामन्यांच्या व्यवहारात अडचणीत आणते. मेरानोची गोष्ट मात्र याहून वेगळी आहे आणि तिच्याकडे वेगळेपणानेच पाहावे लागते.

ह्यूबनर यांचा जन्म ६ नोव्हेंबर १९४८ रोजी कोलोन येथे झाला. अठराव्या वर्षी, १९६७ मध्ये, ते पश्चिम जर्मनीचे संयुक्त राष्ट्रीय विजेते झाले. त्या काळातील पश्चिम जर्मनीत बुद्धिबळ हा उपजीविकेचा मार्ग मानला जात नव्हता, हे भारतीय वाचकाने लक्षात घेतले पाहिजे. ह्यूबनर यांच्या आधीच्या पिढीचे प्रमुख खेळाडू वोल्फगांग उंट्सिकर हे व्यवसायाने न्यायाधीश होते. लोथार श्मिड हे प्रकाशन व्यवसायात होते आणि १९७२ च्या फिशर-स्पास्की विश्वविजेतेपदाच्या लढतीचे मुख्य पंच म्हणून जगाला परिचित झाले. हेल्मुट फ्लेगर हे डॉक्टर होते. ही सगळी माणसे ग्रँडमास्टर होती आणि त्यांतील कोणीही पोटासाठी बुद्धिबळावर अवलंबून नव्हते. याउलट सोव्हिएत खेळाडूला सरकारी मानधन, प्रशिक्षक आणि विश्लेषणासाठी सहकारी असा सगळा पाठिंबा मिळत असे. ह्यूबनर यांनीही आपल्या आधीच्यांचाच मार्ग धरला. त्यांनी अभिजात भाषांचा अभ्यास केला, डॉक्टरेट मिळवली आणि ग्रीक पपायरसांच्या (लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदावरील हस्तलिखितांच्या) वाचनात ते तज्ज्ञ झाले. कोलोन विद्यापीठाकडे प्राचीन पपायरसांचा मोठा संग्रह आहे आणि त्या संग्रहातील ग्रंथांचा पहिला खंड १९७६ साली प्रकाशित झाला, तेव्हा त्याच्या दोन संपादकांपैकी एक ह्यूबनर होते. त्याच वर्षी ते बील येथील इंटरझोनल स्पर्धेत, म्हणजे आव्हानवीर निवडणाऱ्या पात्रता स्पर्धेत, विश्वविजेतेपदाच्या चक्रासाठी खेळत होते. एका वर्षात अशी दोन कामे करणारा दुसरा कोणी अव्वल बुद्धिबळपटू त्या पिढीत मला दिसत नाही.

जागतिक पातळीवर त्यांचे नाव झाले ते १९७० च्या पाल्मा दे मायोर्का इंटरझोनलमध्ये. बॉबी फिशर यांनी २३ फेऱ्यांत १८.५ गुण मिळवून ती स्पर्धा एकतर्फी जिंकली, पण त्यांच्या मागे १५ गुणांवर बेंट लार्सन, एफिम गेलर आणि बावीस वर्षांचे ह्यूबनर असे तिघे होते. त्याच स्पर्धेतून पूर्व जर्मनीचे वोल्फगांग उलमान हेही पात्र ठरले, त्यामुळे १९७१ च्या आव्हानवीरांच्या आठ जणांत दोन जर्मन होते, दोन वेगवेगळ्या राष्ट्रांचे. इमानुएल लास्कर यांनी १९२१ मध्ये विश्वविजेतेपद गमावल्यानंतर जर्मनीला पुन्हा विजेता मिळेल अशी आशा वाटावी, असा तो क्षण होता.

सेव्हिलमध्ये त्यांची गाठ तिग्रान पेट्रोशियन यांच्याशी पडली. पेट्रोशियन १९६३ ते १९६९ या काळात विश्वविजेते होते आणि त्यांना हरवणे हे त्या काळातील सर्वांत अवघड काम मानले जाई. सामना दहा डावांचा होता. पहिले सहा डाव बरोबरीत सुटले, सातवा ह्यूबनर हरले, आणि तीन डाव शिल्लक असताना त्यांनी सामना सोडला. त्यांची तक्रार खेळण्याच्या जागी येणाऱ्या गोंगाटाबद्दल होती. पेट्रोशियन यांना ऐकू कमी येत असे आणि ते श्रवणयंत्र वापरत. ते यंत्र बंद केले की गोंगाटाचा प्रश्न त्यांच्यापुरता मिटत असे. ह्यूबनर यांना तशी सोय नव्हती. एका गुणाने मागे असताना, प्रतिस्पर्ध्याला सहा डाव रोखून धरल्यानंतर, सामना सोडणे ही खेळाच्या दृष्टीने चूक होती, असे मी विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगतो. पण पुढच्याच वर्षी रेक्याविकमध्ये, स्पास्की यांच्याविरुद्धच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत, फिशर यांनीही कॅमेरे आणि आवाज यांबद्दल तक्रारी केल्या, पहिला डाव हरल्यावर दुसऱ्याला ते आलेच नाहीत, आणि तिसरा डाव रंगमंचामागच्या खोलीत खेळवला गेला, कारण स्पास्की यांनी त्याला संमती दिली. फिशर अडून बसले आणि त्यांनी हवे ते मिळवले. ह्यूबनर यांच्या स्वभावात ही घासाघीस नव्हती. परिस्थिती अयोग्य आहे असा निष्कर्ष निघाला की ते तिथून निघून जात. त्या निष्कर्षाचा सौदा करून काही पदरात पाडून घ्यावे, हे त्यांना सुचत नसे किंवा रुचत नसे.

हाच स्वभाव १९७२ च्या उन्हाळ्यात ग्राझ येथील विद्यार्थ्यांच्या जागतिक सांघिक स्पर्धेत दिसला. अमेरिकेचे केनेथ रोगॉफ, जे पुढे नामवंत अर्थतज्ज्ञ झाले, यांच्याशी थकलेल्या ह्यूबनर यांनी न खेळताच बरोबरी मान्य केली. पंचांनी ती नाकारली आणि खेळायला लावले, तेव्हा दोघांनी मिळून एक निरर्थक डाव मांडला: घोडा बाहेर काढून पुन्हा घरी नेणे, वजिराने वजीर समोर असताना प्यादे घेणे, असा. पंचांनी तोही नाकारला आणि दोघांनी क्षमा मागून खरा डाव खेळावा, असे फर्मान काढले. रोगॉफ यांनी क्षमा मागितली, ह्यूबनर यांनी नकार दिला, आणि गुण रोगॉफ यांना देण्यात आला. ठरवून केलेल्या बरोबऱ्या त्या काळात सर्रास होत. फरक इतकाच की इतर लोक त्या बरोबरीला पंधरा-वीस खेळ्यांचा पोशाख चढवत. ह्यूबनर यांना तो पोशाख खोटा वाटला. त्यांचे वागणे संघाच्या दृष्टीने योग्य नव्हते, कारण गमावलेला गुण संघाचा होता. पण त्यामागचे कारण समजून घेतले तर पुढील अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

त्याच वर्षी, काही महिन्यांनी, स्कोप्ये येथील ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे राष्ट्रीय संघांच्या जागतिक स्पर्धेत, पश्चिम जर्मनीच्या पहिल्या पटावर ह्यूबनर यांनी जे करून दाखवले ते मी त्यांच्या कारकिर्दीतील सर्वोच्च कामगिरी मानतो. अठरा डाव, बारा विजय, सहा बरोबऱ्या, एकही पराभव नाही; पंधरा गुण आणि पहिल्या पटाचे सुवर्णपदक. या बारा विजयांत पेट्रोशियन यांच्यावरील विजयही आहे. पेट्रोशियन ऑलिम्पियाडमध्ये एकूण १२९ डाव खेळले आणि त्यांतील केवळ एक हरले; तो हाच डाव, ज्यात त्यांची वेळ संपली. सेव्हिलहून निघून गेलेला तरुण दबाव सहन करू शकत नव्हता असे म्हणणाऱ्याने स्कोप्येचे हे अठरा डाव समोर ठेवून तसे म्हणावे. राष्ट्रीय संघाच्या पहिल्या पटावर खेळताना रोज सर्वांत बलवान प्रतिस्पर्धी समोर येतो आणि एक दिवसही सैल सोडता येत नाही.

याच काळात त्यांचे नाव एका ओपनिंगला (डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांच्या ठरलेल्या रचनेला) कायमचे जोडले गेले, आणि त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण ह्यूबनर कसे विचार करत हे शिकवण्यासाठी मला याहून चांगले साधन सापडलेले नाही. निमझो-इंडियन बचाव नावाच्या ओपनिंगमध्ये (खाली अक्षर पटावरील उभा स्तंभ आणि अंक आडवी ओळ दाखवतो), १. डी-४ घोडा एफ-६ २. सी-४ ई-६ ३. घोडा सी-३ उंट बी-४ या खेळ्यांनंतर पांढऱ्याने ४. ई-३ खेळले, की काळा ४... सी-५ ५. उंट डी-३ घोडा सी-६ ६. घोडा एफ-३ अशी वाटचाल करतो आणि मग लगेच आपल्या उंटाने सी-३ वरचा घोडा मारतो. पांढऱ्याने बी-प्याद्याने परत मारल्यावर काळा ७... डी-६ खेळतो. पुस्तकी समज अशी होती की हा उंट मारायचाच असेल तर आधी पांढऱ्याला ए-३ खेळायला लावावे, म्हणजे त्याची एक खेळी खर्च होते. ह्यूबनर पद्धतीत काळा ती वाट पाहत नाही. का? कारण पांढऱ्याचा राजाबाजूचा घोडा एफ-३ वर आला आहे. तो ई-२ वर असता, तर सी-३ वर त्याच घोड्याने परत मारता आले असते आणि प्यादी दुहेरी झाली नसती; शिवाय एफ-प्यादे पुढे सरकवण्याची वाट मोकळी राहिली असती. घोडा एफ-३ वर आला की या दोन्ही शक्यता संपतात, आणि नेमक्या त्या क्षणी काळा मारतो. एक खेळी वाचवण्यापेक्षा योग्य क्षण पकडणे इथे अधिक मोलाचे ठरते.

यानंतर काळा ई-५ खेळतो. आता पट नीट पाहावा. काळ्याने काळ्या घरांवरचा उंट दिला, म्हणून तो आपली प्यादी सी-५, डी-६ आणि ई-५ या काळ्या घरांवर उभी करतो. त्यामुळे गेलेल्या उंटाचे काम प्यादी करतात आणि उरलेला पांढऱ्या घरांवरचा उंट मोकळा राहतो. पांढऱ्याने डी-५ खेळून मध्य बंद केला, की त्याची प्यादी सी-४, डी-५, ई-४ या पांढऱ्या घरांवर अडकतात आणि डी-३ वरचा त्याचा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. दोन उंटांची जोडी ही साधारणपणे संपत्ती मानली जाते. इथे ती निरुपयोगी होते आणि काळ्याचे घोडे वरचढ ठरतात. रेक्याविकच्या पाचव्या डावात फिशर यांनी स्पास्की यांच्याविरुद्ध हीच रचना वापरली. स्पास्की यांची दुहेरी प्यादी, कोंडलेला उंट आणि ए-४ वरचे दुबळे प्यादे, सगळे काही सिद्धांताप्रमाणे घडत गेले. सत्ताविसाव्या खेळीला स्पास्की यांनी वजीर सी-२ वर नेला, फिशर यांच्या उंटाने ए-४ वरचे प्यादे घेतले आणि स्पास्की यांनी तिथेच डाव सोडला. गुण बरोबरीत आले. जगाला ही रचना त्या डावामुळे माहीत झाली, पण तिच्यावर नाव कोलोनच्या अभ्यासकाचे आहे, आणि ते योग्य आहे.

१९७६ च्या बील इंटरझोनलमध्ये ते अर्ध्या गुणाने हुकले. लार्सन १२.५ गुणांसह पहिले आले. पेट्रोशियन, लायोश पोर्टिश आणि मिखाईल ताल १२ गुणांवर होते. ह्यूबनर आणि वासिली स्मिस्लोव्ह ११.५ वर. पेट्रोशियन यांच्याविरुद्धचा डाव ह्यूबनर जिंकण्याच्या स्थितीत होते आणि तो ते हरले. एवढा एक डाव सरळ लागला असता, तर त्या चक्राची आकडेवारीच बदलली असती. १९७९ च्या रिओ दी जानेरो इंटरझोनलमध्ये मात्र त्यांनी पोर्टिश आणि पेट्रोशियन यांच्यासह पहिला क्रमांक विभागून घेतला आणि ते पुन्हा आव्हानवीरांत आले.

१९८० हे त्यांचे खरे वर्ष. बाड लाउटरबेर्ग येथे त्यांनी हंगेरीच्या आंद्राश अडोर्यान यांना ५.५-४.५ असे हरवले आणि मग इटलीतील आबानो तेर्मे येथे पोर्टिश यांच्यावर ६.५-४.५ असा विजय मिळवला. पोर्टिश हे ओपनिंगच्या तयारीसाठी प्रसिद्ध असलेले, अत्यंत शिस्तबद्ध व्यावसायिक होते. त्यांना लांब सामन्यात हरवणे याला नुसती बुद्धी पुरत नाही, चिवटपणाही लागतो. अंतिम सामना मेरानो येथे व्हिक्टर कोर्चनोय यांच्याशी, सोळा डावांचा. जो जिंकेल तो अनातोली कार्पोव्ह यांना आव्हान देणार होता.

सहा डावांनंतर ह्यूबनर ३.५-२.५ असे आघाडीवर होते. सातव्या डावात, लांबलेल्या एंडगेममध्ये (थोडी मोहरी उरल्यावरच्या टप्प्यात), त्यांनी घोड्याचा एक साधा दुहेरी हल्ला पाहिला नाही आणि हत्ती गमावला. असा शह प्राथमिक वर्गातील मूलही दाखवू शकते, आणि म्हणूनच तो त्यांना इतका लागला असावा. आठवा डावही ते हरले. नववा आणि दहावा डाव स्थगित अवस्थेत असताना त्यांनी सामना सोडला. गुणफलक ४.५-३.५ होता, निर्णायक म्हणावा असा मुळीच नव्हता.

सेव्हिलबद्दल मी त्यांची बाजू काही अंशी घेतली. मेरानोबद्दल तशी घेता येत नाही आणि घेऊही नये. इथे गोंगाटाचे कारण नाही. इथे माणूस आतून थकला. या संदर्भात त्या काळातील स्थगित डावांची पद्धत आजच्या वाचकाला सांगितली पाहिजे, कारण ती आता पूर्णपणे गेली आहे. पाच तासांच्या खेळानंतर डाव संपला नसेल, तर ज्याची पाळी असेल तो आपली खेळी कागदावर लिहून लिफाफ्यात बंद करी, आणि डाव दुसऱ्या दिवशी पुढे चालू होई. मधली रात्र विश्लेषणाची. मदतनीस आळीपाळीने बसत, खेळाडूने झोपावे अशी अपेक्षा असे. जो माणूस प्रत्येक फाटा (खेळ्यांचा संभाव्य क्रम) शेवटापर्यंत तपासल्याशिवाय उठू शकत नाही, त्याला ही रात्र किती जड जात असेल, याची कल्पना करता येते. दोन पराभवांच्या पाठोपाठ दोन स्थगित डाव एकाच वेळी डोक्यावर असणे, हा माझ्या समजुतीप्रमाणे त्या माघारीचा खरा भार होता. कोर्चनोय हे नेमके याच्या उलट घडणीचे. संघर्ष हेच त्यांचे अन्न होते, आणि अप्रिय वातावरणात ते अधिक चांगले खेळत. पुढे १९८१ च्या शरद ऋतूत त्याच मेरानोमध्ये कार्पोव्ह यांनी त्यांना हरवले. ह्यूबनर जिंकले असते, तरी कार्पोव्ह यांच्याविरुद्ध त्यांची शक्यता फार मोठी होती असे मला वाटत नाही. त्या वर्षांतील कार्पोव्ह सामन्याच्या खेळात जवळजवळ अभेद्य होते. पण ती लढत व्हायला हवी होती. १९८१ मध्ये ह्यूबनर यांचे मानांकन (खेळाची ताकद दाखवणारा अंक) २६४० होते आणि त्यांच्यापुढे कार्पोव्ह आणि कोर्चनोय असे दोघेच होते.

आता फेल्डेन. मागील अंतिम फेरीतील खेळाडू म्हणून १९८३ च्या आव्हानवीरांत त्यांना थेट प्रवेश होता. समोर स्मिस्लोव्ह, १९५७ चे विश्वविजेते, वय ६२. दहा डावांनंतर ५-५. नियमाप्रमाणे आणखी चार डाव, तरी ७-७. पुढे काय करायचे याची तरतूद नियमात चिठ्ठी टाकण्यापलीकडे नव्हती, आणि ऑस्ट्रियातील त्या गावात कॅसिनो असल्यामुळे चिठ्ठीऐवजी रुलेटचे चक्र फिरवायचे ठरले. एकाला लाल रंग, दुसऱ्याला काळा. पहिल्यांदा चेंडू शून्यावर थांबला, म्हणजे ना लाल ना काळा. दुसऱ्यांदा तो लाल ३ वर थांबला आणि स्मिस्लोव्ह पुढे गेले. त्या क्षणी ह्यूबनर कॅसिनोत नव्हते. त्या अनुपस्थितीला माघार म्हणणे मला अन्यायाचे वाटते. चौदा डावांच्या मेहनतीचा निकाल जुगाराच्या टेबलावर लावणारी ती व्यवस्थाच लाजिरवाणी होती, आणि तिच्यासमोर हजर राहण्याचे कोणतेही कर्तव्य खेळाडूवर नव्हते. स्मिस्लोव्ह तेथून अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि १९८४ मध्ये व्हिल्नियस येथे गॅरी कास्पारोव्ह यांच्याकडून हरले. आज बरोबरी फोडण्यासाठी जलद डाव खेळवले जातात. त्या पद्धतीवर टीका करणाऱ्यांनी फेल्डेनचे उदाहरण विसरू नये.

यानंतरची वर्षे त्यांनी उत्तम खेळून काढली, पण विश्वविजेतेपदाचा प्रश्न तिथे संपला होता. १९८५ मध्ये लिनारेस येथे लुबोमिर लुबोयेविच यांच्यासह आणि टिलबुर्ग येथे कोर्चनोय व अँथनी माइल्स यांच्यासह त्यांनी पहिला क्रमांक विभागून घेतला. त्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये कास्पारोव्ह यांच्याशी सहा डावांचा सामना झाला आणि तो त्यांनी ४.५-१.५ असा गमावला. विश्वविजेतेपदाच्या उंबरठ्यावर असलेल्या तरुणापुढे त्यांची गती अपुरी पडली. सात वर्षांनी, १९९२ च्या डॉर्टमुंड स्पर्धेत, विश्वविजेत्या कास्पारोव्ह यांना त्यांनी हरवले. १९९१ मध्ये ते शेवटचे आव्हानवीरांत खेळले आणि सारायेव्हो येथे यान टिमन यांच्याकडून हरले. १९९३ मध्ये नायजेल शॉर्ट यांनी कास्पारोव्ह यांच्याशी लंडनमध्ये लढत दिली, तेव्हा ह्यूबनर शॉर्ट यांच्या मदतनिसांत होते. २००० मध्ये इस्तंबूल ऑलिम्पियाडमध्ये जर्मनीने रौप्यपदक जिंकले, त्या संघात आर्थर युसुपोव्ह यांच्या बरोबरीने पन्नाशी ओलांडलेले ह्यूबनर होते. पुढे बुद्धिबळात उत्तेजक द्रव्यांच्या चाचण्या आल्या आणि त्यांनी राष्ट्रीय संघातून खेळणे बंद केले. ग्राझमध्ये जे घडले तेच इथे पुन्हा घडले: मागणी निरर्थक आहे असे एकदा ठरले, की किंमत कितीही असो, ती मानायची नाही.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे मुलांनी काय शिकावे. ह्यूबनर यांचे डाव शिकवावेत, पण त्याहून जास्त त्यांची विश्लेषणे शिकवावीत, असे माझे ठाम मत आहे. १९९६ मध्ये बर्लिनहून त्यांच्या निवडक पंचवीस डावांचा स्वतः केलेल्या टिपांसह संग्रह प्रकाशित झाला. पंचवीस डावांसाठी एक जाडजूड ग्रंथ, यावरूनच एकेका डावाला किती जागा दिली आहे याची कल्पना यावी. फिशर यांनी स्वतःच्या डावांवर लिहिलेल्या टिपाही त्यांनी अशाच तपासल्या, आणि १८९४ च्या लास्कर-स्टाइनिट्झ लढतीचा एकेक डाव पुन्हा मांडून पाहिला. मोठ्या नावाचे वजन त्यांच्या निर्णयावर पडत नाही. स्वतःच्या खेळ्यांनाही ते तेच माप लावतात. विजयी डावातील आपली चूक ते ज्या निष्ठुरपणे दाखवतात, ती निष्ठुरता मी इतर कोणाच्या लिखाणात पाहिलेली नाही.

या पद्धतीचे मूळ मला त्यांच्या दुसऱ्या विद्येत दिसते. फाटक्या पपायरसाचे संपादन करताना अभ्यासक स्पष्ट वाचता आलेले अक्षर एका प्रकारे छापतो, अंधुक दिसणाऱ्या अक्षराखाली ठिपका देतो आणि संपूर्ण नष्ट झालेला भाग आपल्या अंदाजाने भरला असेल तर तो चौकटी कंसात ठेवतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी हाताळली आहे, त्यांना संशयित पाठाखालील नागमोडी रेघ आठवेल, तत्त्व तेच. वाचकाला केवळ पाठ द्यायचा नाही, त्या पाठाची खात्री किती आहे हेही द्यायचे. ह्यूबनर यांच्या टिपांत प्रत्येक फाट्याच्या शेवटी हाच प्रामाणिकपणा आहे: हे सिद्ध झाले, हे संभाव्य आहे, इथे मला मार्ग सापडला नाही. बहुतेक टीकाकार डावाचा निकाल माहीत झाल्यावर विजेत्याच्या प्रत्येक खेळीला योजनेचा भाग ठरवतात. ह्यूबनर निकाल बाजूला ठेवून प्रत्येक स्थिती नव्याने तपासतात, आणि अनेकदा असे दाखवतात की हरणारा पुढे कितीतरी वेळ बरोबरी करू शकत होता.

या लिखाणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. फाट्यांचे जंगल दाट आहे आणि वाटाड्या कमी. सर्वसाधारण तत्त्व सांगणारे वाक्य क्वचितच येते, त्यामुळे ज्याचे मानांकन १६००-१७०० च्या आसपास आहे त्याने हा ग्रंथ हातात घेतला, तर चार पानांत तो थकेल. अशा विद्यार्थ्यांसाठी मी टिपा बाजूला ठेवतो आणि फक्त स्कोप्येचे डाव आणि ह्यूबनर पद्धतीचे डाव पटावर मांडतो. मानांकन २००० च्या पुढे गेले, की मग टिपांकडे वळावे.

त्याची रीत अशी ठेवावी. ह्यूबनर यांनी जिथे सर्वांत लांब टीप लिहिली आहे ती स्थिती पटावर मांडावी, टीप झाकून ठेवावी, घड्याळ लावून तीस मिनिटे स्वतः विचार करावा आणि फाटे कागदावर लिहावेत; प्रत्येक फाट्याच्या शेवटी आपल्याला किती खात्री आहे हेही लिहावे, कारण खरा व्यायाम तिथे आहे. मग टीप वाचावी आणि कोणता फाटा आपल्या नजरेतून सुटला ते पाहावे. संगणक सर्वांत शेवटी, आणि तोही केवळ ज्या ठिकाणी ह्यूबनर यांनी स्वतः शंका नोंदवली आहे त्या ठिकाणी. आजची इंजिने त्यांच्या काही निष्कर्षांना चूक ठरवतात, आणि ते स्वाभाविक आहे. पण शंका नोंदवलेली जागा आणि चूक निघालेली जागा किती वेळा एकच असते, हे विद्यार्थ्याने स्वतः मोजून पाहावे.

आज जर्मनीचा अव्वल खेळाडू व्हिन्सेंट कायमर याला लहानपणापासून पीटर लेको यांच्यासारखा माजी आव्हानवीर प्रशिक्षक म्हणून लाभला, आणि २०२५ मध्ये त्याने चेन्नई ग्रँडमास्टर्स स्पर्धा जिंकली तेव्हा नाशिकचा विदित गुजराथी त्याच्या प्रतिस्पर्ध्यांत होता. ह्यूबनर यांना असा पूर्ण वेळचा आधार मिळाला असता, तर मेरानोचा निकाल वेगळा लागला असता का? सातव्या डावानंतर त्यांना दोन दिवस पटापासून दूर ठेवणारा अनुभवी प्रशिक्षक सोबत असता, तर सामना किमान सोळाव्या डावापर्यंत गेला असता, असे मला वाटते. मात्र तसा पूर्ण वेळचा बुद्धिबळपटू होणे त्यांनी कधी निवडले नाही. ५ जानेवारी २०२५ रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांच्या नावावर पपायरसांचे संपादन, फिनिश भाषेवरील प्रभुत्व, चिनी बुद्धिबळातील प्रावीण्य आणि बुद्धिबळाच्या इतिहासावरील लेखन एवढे सगळे जमा होते. विश्वविजेतेपद का नाही, या प्रश्नाच्या उत्तरात मी गोंगाट, थकवा आणि रुलेट यांच्या आधी ही निवड ठेवतो, कारण बाकीची तीन कारणे एकेका सामन्यापुरती आहेत आणि ही निवड १९६७ पासून अखेरपर्यंत बदललेली नाही.